डावपेचांच्या खेळातील सुधारणांचा क्रम खेळाडूंच्या अभिप्रायांवरून कसा ठरवावा?

वाघूर (जळगाव)

नमस्कार. फारुकी काळातल्या खानदेशावर आधारलेला, पाळीपाळीने खेळायचा डावपेचांचा खेळ आम्ही काही मित्र सुट्टीच्या दिवशी एकत्र बसून तयार करत आहोत. फारुकी घराण्याचा संस्थापक मलिक राजा याने १३८२ च्या सुमारास थाळनेरला आपले बस्तान बसवले, तिथे डाव सुरू होतो आणि १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती गेला, तिथे संपतो. नकाशा षट्कोनी घरांचा आहे. तापीच्या दोन्ही तीरांवरची गावे, सातपुड्यातले घाट, लळिंगसारखे किल्ले, धान्य, खजिना, पायदळ, घोडदळ आणि तोफा असा एकूण पसारा आहे. चाचणीची आवृत्ती आम्ही खानदेशातल्या तिन्ही जिल्ह्यांतल्या ओळखीच्या मंडळींना दिली. लोकांनी मनापासून आणि सविस्तर लिहिले, याचा आम्हाला फार आनंद आहे.

अडचण आहे ती कामांच्या क्रमाची. पावसाळ्यात तापीला पूर आला की सैन्य पलीकडच्या तीरावर अडकून पडते, म्हणून पूर काढूनच टाका, असे अनेकांनी लिहिले आहे. पडद्यावर विजयाची शक्यता ७५ टक्के दिसत असतानाही हार झाली, म्हणजे खेळ लबाडी करतो, असे काहींचे म्हणणे आहे. असीरगडाचा वेढा नवख्यांना अशक्य वाटतो आणि मुरलेल्या खेळाडूंना फारच सोपा वाटतो. जुन्या मोबाइलवर खेळ अडखळतो आणि मध्येच बंद पडतो, ही तक्रार संख्येने अगदी थोडी आहे. सर्वांत मोठा गठ्ठा नव्या मागण्यांचा आहे. गुजरातची सल्तनत आणि अहमदनगरची निजामशाही खेळायला द्यावी, ऑनलाइन सामने सुरू करावेत, हत्तींचे दल वाढवावे, अशा त्या मागण्या आहेत.

काम करणारे हात थोडे आहेत आणि प्रत्येकाचा पोटापाण्याचा उद्योग वेगळा आहे. अशा वेळी या अभिप्रायांतून पहिले काम कोणते आणि तिसरे कोणते, हे कोणत्या कसोटीवर ठरवावे? ज्यांनी अशी कामे जवळून पाहिली आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

भुसावळकर

वाघूरभाऊ, माझ्या मते सरळ मतदान घ्यावे. सर्व मागण्यांची यादी लावावी, प्रत्येक खेळाडूला तीन मते द्यावीत आणि ज्याला अधिक मते पडतील ते काम आधी हाती घ्यावे. खेळाडूंसाठी खेळ आहे, तर क्रमही त्यांनीच ठरवावा, आणि मतांचा निकाल सर्वांसमोर असल्यामुळे पक्षपाताचा आरोपही कोणी करू शकणार नाही. मी स्वतः निजामशाहीला मत देईन, हे आधीच सांगून ठेवतो.

पांझराकाठ (धुळे)

मी व्यवसायाने सॉफ्टवेअरच्या चाचणीचे काम करतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

खेळाडू जेव्हा काही लिहितो, तेव्हा त्या एका वाक्यात बहुधा दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक म्हणजे त्याला झालेला त्रास आणि दुसरी म्हणजे त्यावर त्याने सुचवलेला उपाय. त्रासाच्या बाबतीत त्याचा शब्द अखेरचा मानावा, कारण तो त्याने प्रत्यक्ष भोगलेला आहे. उपायाच्या बाबतीत मात्र त्याला खेळाच्या पोटातली रचना दिसत नसते, त्यामुळे त्याचा उपाय ही केवळ एक सूचना समजावी. ज्या यादीत नुसते उपाय नोंदवले जातात, तिच्यावर मतदान घेतले तर त्रास नेमका कुठे आहे हे शेवटपर्यंत कळत नाही.

तापीच्या पुराचेच उदाहरण घ्या. तुमची चाचणी-आवृत्ती मी खेळलो आहे. थाळनेरहून मी घोडदळ दक्षिण तीरावर उतरवले, लळिंगच्या दिशेने दोन पाळ्या पुढे गेलो आणि मागे वळलो तेव्हा उताराचे, म्हणजे नदी ओलांडायच्या जागेचे, घर पुराने निळे झालेले होते. घोडदळ तीरावर उभे, धान्य संपत चाललेले आणि थाळनेरात शिबंदी जवळजवळ नाही, अशा अवस्थेत शत्रू सातपुड्याकडून उतरला. मलाही त्या क्षणी पूर नकोसा झाला. परंतु शांतपणे विचार केल्यावर लक्षात आले की मला पुराचा त्रास झालेला नसून तो न कळता आल्याचा त्रास झाला होता. ज्येष्ठ संपत आला आहे, पुढच्या पाळीला उतार बंद होऊ शकतो, एवढे मला आधी दिसले असते, तर नदी ओलांडायची की थांबायची, हा निर्णय माझा झाला असता. खानदेशातल्या खेळातून तापीचा पूर काढला, तर थाळनेरला उतारावरचे ठाणे म्हणून काही अर्थच उरत नाही. म्हणजे येथे उपाय आहे तो हवामानाची पूर्वसूचना, आणि तिला पूर काढून नकाशाचा तोल पुन्हा बसवण्यापेक्षा कितीतरी कमी श्रम लागतील.

म्हणून माझी पहिली सूचना अशी आहे की प्रत्येक अभिप्रायापुढे खेळाडूची मागणी जशीच्या तशी लिहावी आणि तिच्या शेजारी, तो त्या क्षणी काय करायला निघाला होता आणि कशाने अडला, हे लिहावे. जिथे ते समजत नाही, तिथे त्या खेळाडूलाच विचारावे. अशी यादी केल्यावर वेगवेगळ्या वाटणाऱ्या मागण्या एकाच अडचणीतून निघालेल्या आहेत, असे पुष्कळदा आढळते. हत्ती वाढवा म्हणणाऱ्यांपैकी काहींना, पायदळाने तटबंदी फुटत नाही, एवढेच सांगायचे असू शकेल.

दुसरी सूचना संख्येबद्दल आहे. लिहिणाऱ्यांच्या संख्येवरून त्रासाची व्याप्ती ठरवू नये. आमच्याकडे पांझरेवर बंधाऱ्याचे पाणी पाटाने शेतांना वाटण्याची जुनी फड पद्धत आहे. पाणी सर्वांना पोहोचले की नाही, हे पाहायचे तर पाटकऱ्याला पाटाच्या शेवटच्या टोकाच्या शेतापर्यंत चालत जावे लागते, बंधाऱ्याजवळच्या शेतकऱ्याला विचारून ते कळत नाही. तुमच्या यादीतले बहुतेक अभिप्राय बंधाऱ्याजवळच्यांचे आहेत. निजामशाही मागणारा खेळाडू तुमचा डाव शेवटपर्यंत खेळलेला आहे. जो पहिल्या काही पाळ्यांतच सोडून गेला, तो मागणी करायला थांबलेलाच नाही.

गोमाई (शहादा)

पांझराकाठ दादांच्या शेवटच्या मुद्द्याला मी अनुभवाची जोड देते. मी महाविद्यालयात शिकवते आणि हा खेळ माझ्या काही विद्यार्थ्यांनी माझ्यासमोर खेळला. मी त्यांना काहीही सांगायचे नाही आणि मदतही करायची नाही, असे ठरवून मागे बसले होते.

एका मुलाच्या मोबाइलवर पहिली पाळी चालू असताना घरून फोन आला. त्याने दोन मिनिटे बोलून खेळ पुन्हा उघडला, तर तो आरंभापासून सुरू झाला. त्याने पुन्हा थाळनेर वसवले, पुन्हा शिबंदी भरली आणि थोड्या वेळाने मित्राचा संदेश पाहून परतला, तेव्हाही तेच घडले. मग त्याने मोबाइल खिशात ठेवला. मी विचारले तेव्हा तो म्हणाला, “चांगला आहे मॅडम.” त्याचा अभिप्राय तुमच्याकडे आला असेल तर तो ‘चांगला आहे’ असाच आला असेल. मेमरी कमी असलेल्या अँड्रॉइड मोबाइलवर मागे गेलेले अॅप यंत्रणा स्वतःहून बंद करते आणि तुमचा खेळ पाळी संपल्यावरच डाव जतन करतो, ही दोन कारणे एकत्र आल्याने हे घडले, असे मला आमच्या संगणक विभागातल्या सहकाऱ्याने समजावून सांगितले.

दुसरी एक मुलगी पहिल्याच पडद्यावर बराच वेळ थांबली आणि शेजारणीकडे वळून म्हणाली, “पुढे काय करानं तेच समजत नही.” तिला खजिन्याचा आकडा दिसत होता, पण तो कशासाठी खर्च करायचा हे कुठेच लिहिलेले नव्हते, आणि जे लिहिले होते ते तिच्या लहान पडद्यावर वाचता येत नव्हते. तिने अभिप्रायाचा कुठलाही अर्ज भरलेला नाही. अशा मुलींना हा खेळ आपला वाटावा, असे मला मनापासून वाटते, कारण थाळनेर तिच्या घरापासून फार दूर नाही आणि तिथे फारुकी राजांच्या कबरी आहेत, हे तिला त्या दिवशी प्रथमच कळले.

वापरातल्या अडचणी शोधण्यासाठी फार माणसांची गरज नसते, हेही येथे नोंदवते. वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी २००० साली असे मांडले होते की पाच माणसांना वापरताना नीट पाहिले, तर मांडणीतले बहुतांश दोष समोर येतात. अर्थात ते मांडणीच्या दोषांविषयी आहे. कोणते दल अधिक बलवान आहे, यासारखे प्रश्न पाच जणांवरून सुटणार नाहीत.

बोरीतीर (अमळनेर)

गोमाईताईंनी शेवटी जे लिहिले आहे, तिथूनच पुढे जातो. मी डावपेचांचे खेळ अनेक वर्षे खेळत आलो आहे आणि ७५ टक्क्यांची तक्रार मला फार ओळखीची वाटते.

७५ टक्के शक्यता असलेली लढाई चारपैकी एकदा हरायचीच. लागोपाठ तीन लढाया हरण्याची शक्यता ६४ मध्ये १ आहे, पण शंभर लढायांच्या डावात असा प्रसंग एकदा तरी येईल याचीच शक्यता अधिक असते. गणित बरोबर असते आणि तरीही माणसाला अन्याय वाटतो. ‘सिव्हिलायझेशन’ या डावपेचांच्या खेळाचे निर्माते सिड मायर यांनी २०१० च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समधल्या भाषणात याविषयी सांगितले होते. तीनास एक अशी अनुकूल लढाई हरणे खेळाडूंना मान्यच होईना, आणि दोनास एक या प्रमाणात हरणे ज्यांना पटत होते, त्यांनाच वीसास दहा या प्रमाणात हरणे पटत नव्हते. त्यांच्या संघाने खेळाडूच्या भावनेला मान देऊन आतले गणित बदलले.

दुसरा मार्ग ‘बॅटल फॉर वेसनॉथ’ने घेतला. डेव्हिड व्हाइट यांनी २००३ मध्ये सुरू केलेला हा मुक्त स्रोत खेळ आहे आणि नशिबाविषयीची तक्रार त्याच्या खेळाडूंत सतत चालू असते. त्यांनी नशीब हा खेळाचा गाभा म्हणून राखले, परंतु हल्ल्याआधी संभाव्य परिणामांची पूर्ण वाटणी पाहण्याची सोय दिली आणि अपेक्षित हानी व प्रत्यक्ष हानी शेजारी शेजारी दाखवणारा तक्ताही दिला. वारंवार येणाऱ्या सूचना आणि त्यांवरची उत्तरे त्यांनी एका पानावर मांडून ठेवली आहेत. आपल्यासारख्या लहान गटाने हा दुसरा मार्ग धरावा, असे माझे ठाम मत आहे. आतून आकडा बदलून बाहेर वेगळा आकडा दाखवला, तर मुरलेला खेळाडू तो आज ना उद्या मोजून काढतो आणि मग कोणत्याच आकड्यावर त्याचा विश्वास राहत नाही.

दलांच्या तोलाबद्दल एक सावधगिरी सांगतो. घोडदळाचा डाव दहापैकी सहा वेळा जिंकला, म्हणून घोडदळ बलवान ठरवू नये. अगदी समसमान बळ असतानाही दहापैकी सहा किंवा अधिक विजय मिळण्याची शक्यता सुमारे ३८ टक्के असते. पुरेसे डाव जमेपर्यंत तोलाच्या तक्रारी नोंदवून ठेवाव्यात, पण आकड्यांना हात लावू नये.

भुसावळकर

वरचे सर्व वाचून मतदानाविषयीचा माझा आग्रह मी थोडा मागे घेतो, पण एक आक्षेप राहतोच. जे खेळाडू डाव शेवटपर्यंत खेळले, त्यांनीच हा खेळ चार लोकांना सांगितला. त्यांच्या मागण्या सतत यादीच्या तळाशी राहिल्या, तर ते निघून जातील, आणि नवख्यांसाठी गुळगुळीत केलेल्या खेळात खोली उरणार नाही. त्यांचा विचार कुठे होणार?

वाघूर (जळगाव)

भुसावळकरांचा प्रश्न मलाही महत्त्वाचा वाटतो, आणि असीरगडाच्या बाबतीत तो थेट समोर उभा आहे. नवखे म्हणतात वेढा अशक्य आहे, मुरलेले म्हणतात तो सोपा आहे. दोघांचे एकाच वेळी खरे कसे मानावे?

आणखी एक विचारायचे आहे. खेळाडू कोणत्या पाळीला खेळ सोडतो, हे खेळातूनच आपोआप नोंदवावे, असे आमच्यातल्या एकाचे म्हणणे आहे. हे करणे योग्य ठरेल का?

पांझराकाठ (धुळे)

आधी नोंदीविषयी. पाळीचा क्रमांक, मोबाइलची मेमरी आणि खेळ कोणत्या पडद्यावर बंद झाला, एवढेच घ्यावे. नाव, फोन क्रमांक, ठिकाण यांपैकी काहीही घेऊ नये. घेण्यापूर्वी मराठीत स्पष्ट विचारावे आणि नकार दिला तरी खेळ पूर्ण चालावा. वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ प्रमाणे अठरा वर्षांखालील व्यक्तीची वैयक्तिक माहिती हाताळायची असेल, तर पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते आणि तुमच्या खेळाडूंत शाळकरी मुले असणारच. जी माहिती घेतलीच नाही, तिच्या सांभाळाचा प्रश्न येत नाही.

असीरगडाबाबत दोन्ही म्हणणी खरी असू शकतात. नवखा खेळाडू तटावर थेट चाल करतो आणि मार खातो. मुरलेल्याला एखादी अशी युक्ती सापडलेली असते, जिच्यापुढे गडावरचा प्रतिस्पर्धी हतबल होतो. बहुधा तुमचा संगणकी प्रतिस्पर्धी धान्याची रसद तुटल्यावर काहीच करत नाही, असा माझा कयास आहे. तसे असेल तर वेढ्याची काठिण्यपातळी वरखाली करून दोघांपैकी एक गट नाराजच राहील. नवख्याला, गड चाल करून नव्हे तर वाटा आवळून घ्यायचा असतो, हे कळायला हवे आणि मुरलेल्यासमोर, रसद तुटताच बाहेर पडून छापा घालणारी शिबंदी हवी. इतिहासातही मोगलांचा असीरगडाचा वेढा महिनोन्‌महिने चालला होता आणि सातपुड्यातून नर्मदेकडे जाणारी वाट ताब्यात ठेवणारा तो गड सहजासहजी पडलेला नाही. दोन गटांच्या तक्रारी परस्परविरोधी दिसतात तेव्हा आकडा बदलण्याची घाई करू नये, कारण त्या बहुधा दोन वेगळ्या अडचणींविषयी असतात.

भुसावळकरांच्या आक्षेपावर सांगायचे तर, मुरलेल्या खेळाडूंचे ऐकावेच, पण त्यांना कोणता प्रश्न विचारायचा हे नीट ठरवावे. खेळाची खोली कुठे संपते, कोणती एकच चाल नेहमी जिंकते आणि कोणता निर्णय घेण्यासारखा उरतच नाही, हे त्यांच्याइतके कोणीही सांगू शकत नाही. मात्र त्यांना आवडत असलेली गोष्टही प्रसंगी बदलावी लागते. ‘स्टेलारिस’ या अंतराळातल्या डावपेचांच्या खेळाने २०१८ मधल्या २.० आवृत्तीत, ताऱ्यांमधल्या प्रवासाच्या सुरुवातीला निवडता येणाऱ्या तीन पद्धतींपैकी दोन काढून ठरलेल्या मार्गांची एकच पद्धत ठेवली. पुष्कळ जुने खेळाडू रागावले. निर्मात्यांनी, सरहद्दीला आणि संरक्षणाला अर्थ येण्यासाठी हे का आवश्यक आहे, ते आधीच सविस्तर लिहून मांडले होते. निर्णय पटो न पटो, कारण उघड असले की वाद मुद्द्यावर होतो.

मतदानालाही जागा आहे. ‘एंडलेस लेजंड’ या डावपेचांच्या खेळाचे निर्माते अॅम्प्लिट्यूड स्टुडिओज आपल्या खेळाडूंकडून काही गोष्टींवर मते घेत आले आहेत. ज्या पर्यायांपैकी कोणताही निवडला तरी खेळाचे नुकसान नाही, तिथे मत जरूर घ्यावे. आधी गुजरात की आधी निजामशाही, हा तसाच प्रश्न आहे. डाव जतन होतो की नाही, यावर मात्र मत घेण्यासारखे काही नाही.

वाघूर (जळगाव)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आमच्या गटाची बैठक झाली आणि प्रत्येक अभिप्राय पांझराकाठ दादांनी सांगितल्याप्रमाणे पुन्हा लिहून काढला. क्रम ठरवताना आम्ही सर्वांत आधी, अडचण माणसाला डावाच्या कितव्या पाळीला अडवते, हे पाहिले. त्यानंतर, ती अडचण न बोलता सोडून जाणाऱ्यांची आहे का, आणि शेवटी तिला किती श्रम लागतील, हे पाहिले.

त्यानुसार पहिले काम डाव जतन करण्याचे आहे. प्रत्येक चालीनंतर, तसेच खेळ मागे जाताच, डाव आपोआप जतन होईल. त्याच आवृत्तीत अक्षरांचा आकार वाढवण्याची सोय येईल आणि पहिल्या तीन पाळ्यांत खजिना, धान्य व शिबंदी यांची ओळख करून देणाऱ्या छोट्या सूचना येतील. दुसरे काम पुराच्या पूर्वसूचनेचे आहे. पूर राहील, पण उताराच्या घरावर दोन पाळ्या आधी चढत्या पाण्याची खूण दिसेल. तिसरे काम लढाईच्या तक्त्याचे आहे आणि दाखवलेला आकडा व आतला आकडा एकच राहील, हे आम्ही येथे लेखी देतो.

असीरगडाच्या शिबंदीला छापा घालायला शिकवणे हे काम मोठे आहे, म्हणून ते चौथे ठेवले आहे. त्यासाठी वेढा जिंकलेल्या खेळाडूंचे जतन केलेले डाव आम्हाला हवे आहेत. भुसावळकर, तुमचा डाव पाठवाल तर फार उपयोग होईल. दलांचे बळ सध्या आहे तसेच राहील. गुजरात की निजामशाही, यावर त्यानंतर मतदान घेऊ. ऑनलाइन सामने आम्ही हाती घेणार नाही, कारण सर्व्हर सतत चालू ठेवण्याइतके मनुष्यबळ आमच्याकडे नाही. हे कारण खेळाच्या पानावरही लिहून ठेवणार आहोत.

भुसावळकर

डाव आज रात्री पाठवतो. माझी युक्ती पांझराकाठ दादांनी बरोबर ओळखली आहे. बुऱ्हाणपूरकडून येणारी वाट अडवून मी नुसता पाळ्या मोजत बसतो आणि गडावरची शिबंदी जागची हलत नाही. ऑनलाइन सामने नाहीत याचे वाईट वाटते, पण कारण पटले.

गोमाई (शहादा)

पहिली आवृत्ती तयार झाली की आधी आमच्याकडे पाठवावी. यावेळी ज्यांनी खेळ पाहिलेला नाही अशाच मुलांना मी बसवीन, कारण आधीच्या मुलांना आता वाटा माहीत झाल्या आहेत. फोन येणे, संदेश पाहणे, बॅटरी संपणे हे सर्व मुद्दाम करून पाहू. तुम्हाला निरीक्षणात काय काय नोंदवून हवे आहे, ते आधी कळवावे.

वाघूर (जळगाव)

ताई, चार गोष्टी पुरेशा आहेत: मोबाइलचे मॉडेल, कोणती पाळी चालू होती, त्या क्षणी काय करायचे होते आणि प्रत्यक्षात काय झाले. मुलांचे शब्द अहिराणीत असतील तर ते तसेच लिहावेत, त्यांचे प्रमाण मराठीत रूपांतर करू नये. मुलांची नावे कृपया पाठवू नयेत. आवृत्ती तयार झाली की याच धाग्यावर दुवा देतो.